गोव्यात पहिली शिडाची बोट घेताना: निवड, वाहतूक, भरती आणि शर्यत

शिडाची छोटी बोट घ्यायची म्हटलं की नवखा माणूस आधी वेगाचं विचारतो. गोव्यात पहिला प्रश्न वेगळाच आहे. ओहोटी लागलेली असताना ही बोट वाळूवरून कोण ओढणार? मिरामार-करंजाळ्याच्या वाळूवर गाडी न्यायला बंदी आहे, क्रेनही नाही, आणि संध्याकाळी दमून परत येता तेव्हा पाणी बरंच मागे गेलेलं असतं. बोट, ट्रॉली, जागा आणि दिवस, सगळं या एका प्रश्नावरून ठरवलं तर पुढचे बरेच घोटाळे टळतात.

१. बोट निवडा, पण आधी ओढणारी माणसं मोजा

एकट्याने चालवायची असेल तर लेझर घ्या. २०१९ पासून तिचं वर्गनाव इल्का झालं आहे, पण बंदरावर अजून लेझरच म्हणतात. लांबी ४.२३ मीटर, रिकाम्या बोटीचं वजन ५९ किलो. बोट एकच, शिडं तीन: इल्का ७ ला ७.०६ चौरस मीटर, इल्का ६ ला ५.७६ आणि इल्का ४ ला ४.७. डोलकाठीचा खालचा तुकडा आणि शीड बदललं की त्याच बोटीवर घरातली तीन वेगवेगळ्या वजनांची माणसं खेळू शकतात. तुमचं वजन ७५ किलोच्या आत असेल तर ७ चा हट्ट धरू नका. दुपारच्या वाऱ्यात ते शीड तुम्हाला खेळवेल. नेत्रा कुमानन आणि विष्णू सरवणन टोकियो आणि पॅरिस ऑलिंपिकमध्ये याच बोटींवर उतरले होते, म्हणजे शिकाऊ बोट म्हणून हिला कमी लेखायचं कारण नाही.

दोघांनी मिळून जायचं असेल तर एंटरप्राइज. लांबी ४.०४ मीटर, वजन नव्वद किलोंच्या पुढे, मोठं शीड आणि पुढे जिब, म्हणजे छोटं पुढचं शीड. भारतात ही बोट जुनी आणि ओळखीची आहे, निळ्या शिडांवरून लांबूनच कळते. पंधरा वर्षांखालच्या मुलांसाठी ऑप्टिमिस्ट, वजन ३५ किलो. दोन हुलांची (हुल म्हणजे बोटीचं मूळ अंग) होबी १६ किनाऱ्यावर देखणी दिसते आणि धावतेही सुसाट, पण तिचं वजन १४५ किलो आहे, चार माणसांशिवाय ती वाळूवरून हलत नाही. जे/२४ सारखी जड तळाची बोट ट्रेलरवर बसते हे खरं, पण तिचं वजन दीड टनाच्या जवळ जातं. क्रेन किंवा पक्का उतार हाताशी नसेल तर तिचा विचारही नको.

एकटे असाल आणि मदतीला हमखास एक माणूस मिळत असेल, तर लेझर. आमचा कौल सरळ तिलाच.

२. जुनी बोट तपासताना

बहुतेकांची पहिली बोट जुनीच असते, आणि फसवणूक होते ती इथेच. रंगाकडे बघू नका. बरोबर एक बादली पाणी, स्पंज आणि लटकवायचा वजनकाटा घेऊन जा.

लेझरची डोलकाठी जिथे डेकमधल्या नळीत बसते, ती नळी काठोकाठ पाण्याने भरा. पाण्याच्या पातळीवर पेन्सिलीने खूण करा आणि पंधरा मिनिटं दुसरं काहीतरी बघत बसा. पातळी खाली गेली तर नळीच्या बुडाला भेग आहे आणि पाणी थेट बोटीच्या पोटात उतरतं आहे. कारण साधं आहे: डोलकाठीच्या बुडाला चिकटलेली वाळू नळीत जाते, डोलकाठी फिरते तशी ती कानशीसारखी घासत राहते आणि फायबर झिजतं. हा दोष दुरुस्त होतो, पण किंमत ठरवण्याआधी कळायला हवा.

मग नळीभोवतीचा डेक अंगठ्याने दाबत जा. कुठे मऊ लागला, कुरकुरला, तर आतला थर सुटला आहे. कॉकपिटच्या, म्हणजे पाय ठेवायच्या खळग्याच्या, तळालाही तसंच दाबून बघा. बूच काढून बोटीची मागची बाजू खाली करा. पाणी आलं तर ते बोटाला लावून चाखा. खारट असेल तर गळती, गोडं असेल तर बहुधा पावसात उघडी पडली होती. शेवटी वजन करा. ५९ च्या जागी ६५ भरलं, तर ते जास्तीचं वजन बहुतेक वेळा फायबरने आणि फोमने शोषलेल्या पाण्याचं असतं. अशी बोट हिंडाफिरायला चालेल, शर्यतीला चालणार नाही.

डोलकाठीच्या वरच्या तुकड्यावर जोडाजवळ प्लास्टिकची कॉलर रिबीटने बसवलेली असते. त्या रिबीटभोवती पांढरी भुकटी दिसली की समजा ॲल्युमिनियम खात चाललं आहे. खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू एकत्र आले की हे होणारच. वारा वाढला की डोलकाठी नेमकी त्याच भोकापाशी मोडते. शीड हातात घेऊन चुरगाळा: नव्याचा कागदासारखा आवाज येतो, मेलेलं शीड लुगड्यासारखं गुमान घडी होतं. सुकाणूच्या बिजागऱ्या हलवून बघा. डॅगरबोर्डची (बोटीच्या मधून खाली पाण्यात उतरणाऱ्या फळीची) मागची कड तुटकी असेल तर घासाघीस करा, तेवढ्यासाठी बोट सोडू नका.

३. कागदपत्रं

- विक्रीचा करार, दोघांच्या सह्या आणि ओळखपत्रांच्या प्रतींसह. त्यात हुलचा नंबर लिहिलेला हवा. लेझरवर तो मागच्या उभ्या भिंतीवर, कॉकपिटच्या पट्टीवर किंवा जुन्या बोटींना पुढच्या कडीखाली सापडतो. शिडावरचा नंबर त्याच्याशी जुळतो का बघा. न जुळल्यास शीड दुसऱ्या बोटीचं आहे.
- मूळ बिल, आणि बोट आयात केलेली असल्यास कस्टम्सचे कागद.
- पणजीच्या बंदर कप्तान खात्याकडे लेखी अर्ज: बोटीचा प्रकार, मापं, ती कुठे ठेवणार, कुठे चालवणार. पोचपावती घ्या. बोटीला लहानसं आउटबोर्ड इंजिन लावलंत की ती यांत्रिक बोट ठरते आणि नोंदणीचे नियम बदलतात, म्हणून 'जाऊ दे, एक इंजिन लावून टाकू' हा विचार आधीच करा किंवा सोडून द्या.
- ट्रेलर असेल तर त्याचं वेगळं आरसी. मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येत ट्रेलर हेही वाहनच आहे. गॅरेजमध्ये वेल्डिंग करून बनवलेला, नंबर नसलेला ट्रेलर रस्त्यावर आणलात की पोलीस तुम्हाला थांबवणार.
- शर्यतीसाठी क्लबचं किंवा गोवा यॉटिंग असोसिएशनचं सभासदत्व. राष्ट्रीय स्पर्धांना यॉटिंग असोसिएशन ऑफ इंडियाची नोंदणी लागते.

४. ट्रॉली आणि रस्ता

ट्रॉली आणि ट्रेलर या दोन वेगळ्या वस्तू आहेत. ट्रॉली हाताने ओढायची, पाण्यात न्यायची. ट्रेलर गाडीमागे लावायचा, पाण्यात कधीच न्यायचा नाही. प्रवासाने बेअरिंग तापलेलं असतं. ते गार खाऱ्या पाण्यात बुडवलं की आतली हवा आकसते आणि पाणी ग्रीसमध्ये ओढून घेते. महिन्याभरात चाक करकरायला लागतं.

ट्रॉलीची चाकं रुंद आणि फुगीर हवीत. सायकलची बारीक चाकं कोरड्या वाळूत रुततात आणि मग बोट नांगरासारखी ओढावी लागते. टायरमधली हवा थोडी कमी करा, फरक लगेच कळतो.

नेण्यासाठी छोटा हत्ती पुरत नाही: हौदा सुमारे सात फूट, बोट चौदा. मोठा पिकअप करा, तळाला जुने टायर किंवा गादी टाका, मागे बाहेर आलेल्या भागाला लाल फडकं बांधा. रॅचेटचे पट्टे कचकचून आवळू नका. उन्हात फायबर मऊ पडतं आणि पट्ट्याच्या जागी कायमचा खड्डा राहतो. गाडीच्या टपावर नेणार असाल तर टपाची वजनमर्यादा गाडीच्या पुस्तिकेत बघा. बऱ्याच लहान गाड्यांना ५९ किलो जास्त होतात.

५. कुठे उतरवायची

शिकायला मिरामार ते दोनापावल हा पट्टा बरा. दुपारचा वायव्येचा वारा इथे किनाऱ्याला तिरपा येतो, त्यामुळे निघणं आणि परतणं दोन्ही सोपं जातं. करंजाळ्याला राष्ट्रीय जलक्रीडा संस्थाही आहे. बोट घेण्याआधी कुणाकडे तरी रीतसर शिका, यूट्यूबवर विसंबून राहू नका.

बांबोळी-शिरदोणच्या बाजूला लाट कमी, पण ओहोटीला खडक उघडे पडतात आणि डॅगरबोर्ड त्यांच्यावर आपटतो. जुवारीच्या मध्यावर मुरगाव बंदराची जहाजं असतात, उत्तर किनाऱ्याला धरून राहा. मांडवीत पणजीसमोर कॅसिनो, फेरीबोटी आणि खनिजाचे बार्ज यांची गर्दी. पहिले सहा महिने तिकडे जाऊ नका. मोरजी, आश्वे, आगोंद आणि गालजीबाग इथे कासवं अंडी घालतात. तिथे ट्रॉली फिरवायची नाही.

करंजाळ्याला रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं मासेमारी जाळं) टाकलेली असेल तर पाण्यावर बुचांची अर्धगोल रांग दिसते. तिच्या आतून जायचं नाही, वरून तर नाहीच. डॅगरबोर्ड जाळ्यात अडकला की जाळं फाटतं आणि तुमची बोट आडवी होते. उतरण्याआधी रापणकारांना विचारून घ्या, 'पात्रांव, रापण कितीला ओढणार?' बोट बाहेर काढताना हीच माणसं हात लावायला येतात.

६. दिवस तिथी बघून ठरवा

गोव्यात नोव्हेंबर ते मे दरम्यान सकाळी जमिनीवरून मतलई वारा वाहतो आणि दुपारी बाराच्या सुमारास समुद्रावरून खारा वारा सुरू होतो. तीन-चारला तो भरात असतो, सूर्यास्ताला मरतो. सकाळच्या मतलईत नवख्याने निघू नये. किनाऱ्याजवळ पाणी काचेसारखं सपाट दिसतं, वारा पाठीवर गोड लागतो आणि अर्ध्या तासात तुम्ही आग्वादच्या बाहेर असता.

दुपारी निघायचं, पण कोणत्या दुपारी? कोकणातला जुना आडाखा आहे: तिथीचा पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. पौर्णिमा किंवा अमावास्या, पंधराचा पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे सव्वाअकराला भरती आणि तिथून साडेपाचपर्यंत ओहोटी, तीही उधाणाची, जोरदार. पाणी मांडवीतून बाहेर धावतं आहे आणि वारा समोरून आत येतो आहे. अशा वेळी नदीच्या मुखाशी आखूड, उभ्या लाटा उठतात. वर सूर्यास्ताला वारा पडला की शीड लोंबतं आणि ओहोटी तुम्हाला बाहेर नेते.

आता अष्टमी घ्या. आठाचा पाऊणपट सहा. भरती संध्याकाळी सहाला, म्हणजे दुपारभर पाणी आत येतं आहे, आणि भांगाचे (उधाणाच्या उलट, कमी भरती-ओहोटीचे) दिवस असल्याने प्रवाहही मंद. वारा पडला तरी तुम्ही किनाऱ्याकडेच वाहत जाल आणि परतताना वाळू ओढायची तीही कमी. म्हणून शुद्ध असो वा वद्य, पहिले दोन महिने सप्तमी ते दशमी हेच दिवस धरा.

हा आडाखा ढोबळ आहे. निघण्याआधी मुरगावचा भरतीचा तक्ता आणि इन्कॉइस या सरकारी सागरी माहिती केंद्राचा समुद्राचा अंदाज बघायचाच. पाण्यावर सगळीकडे पांढरे फेसाचे घोडे दिसायला लागले की नवख्याने किनाऱ्यावर थांबावं.

७. शीड चढवणं

क्रम लेझरचा आहे.

१) मागचं बूच बसवा. सगळ्यात आधी. यावर हसू नका, बुचाशिवाय निघालेल्या बोटी मोजायला घेतल्या तर दोन्ही हातांची बोटं पुरणार नाहीत.

२) डोलकाठीचे दोन्ही तुकडे गोड्या पाण्याने पुसून जोडा. जोडात वाळू राहिली तर संध्याकाळी ते सुटत नाहीत. शिडाची बाही त्यावर चढवा, तिन्ही पट्ट्या खिशात सरकवा.

३) वर बघा. विजेच्या तारा आहेत का? ॲल्युमिनियमची सहा मीटरची काठी उभी करायची आहे. पार्किंगमधून उभी डोलकाठी घेऊन चालत जाऊ नका.

४) डोलकाठीचं बूड पुसून नळीत बसवा. कनिंगहॅमची (शिडाची पुढची कड खाली ताणणारी) दोरी अशी बांधा की बोट उलटली तरी डोलकाठी नळीतून निसटणार नाही.

५) बूम (शिडाखालची आडवी काठी), व्हँग (बूम खाली धरणारी दोरी), आउटहॉल (शीड बूमवर मागे ताणणारी दोरी). शिडाचं मागचं टोक बूमला घट्ट बांधा, इथे सैल राहिलं तर शिडाचा आकार बिघडतो.

६) मेनशीट (शीड आतबाहेर करायची मुख्य दोरी) ओवून शेवटी आठाची गाठ मारा. सुकाणू पाण्यात गेल्यावर बसवा आणि त्याची क्लिप कट् असा आवाज येईपर्यंत दाबा. क्लिप नीट नसेल तर बोट उलटताच सुकाणू तळाला जातं.

कंबरभर पाण्यात बोटीचं नाक वाऱ्याकडे धरून उभं राहा. ट्रॉली दुसऱ्याने परत वर न्यायची, तीही भरतीच्या रेषेच्या वर. पाण्याच्या काठाशी सोडलेली ट्रॉली भरतीबरोबर निघून जाते.

८. उलटली तर

ती उलटणारच. म्हणून पहिल्याच दिवशी छातीभर पाण्यात मुद्दाम उलटवून बघा.

बोट सोडून पोहत किनारा गाठायचा विचार मनातही आणू नका. मेनशीट आणि व्हँग सैल सोडा. बोटीला वळसा घालून तळाच्या बाजूला या, डॅगरबोर्ड पूर्ण बाहेर आलेला आहे ना ते बघा आणि त्याच्या बुडापाशी पाय देऊन उभं राहा. टोकावर उभे राहिलात तर तो मोडतो. डेकची कड धरून मागे रेला. शीड पाण्यातून सुटायला काही सेकंद लागतात, हिसके देऊ नका. नाक वाऱ्याकडे असेल तर बोट उभी राहते आणि थांबते. शीड वाऱ्याच्या बाजूला असेल तर उभी राहून तशीच तुमच्यावर कोसळते.

मांडवी-जुवारीच्या उथळ भागात खास धोका आहे. बोट पूर्ण पालथी झाली आणि पाणी सहा मीटरपेक्षा कमी असलं की डोलकाठीचं टोक चिखलात रुततं. अशा वेळी डॅगरबोर्डवर उड्या मारल्या की डोलकाठी वाकते. सावकाश, सतत वजन द्या. नाही निघाली तर मदतीची बोट बोलवा आणि डोलकाठी ज्या दिशेने रुतली त्याच्या उलट दिशेने हळू ओढून घ्या.

अंगावर आणि बोटीत हवं ते: लाइफ जॅकेट, शिट्टी, पाण्याची बाटली, जलरोधक पिशवीत फोन, चार मीटर बारीक दोरी, ओढून नेण्यासाठी दहा मीटर जाड दोरी, जादा बूच, स्पंज. किनाऱ्यावर पक्कड, शॅकलची (जोडकडीची) चावी, शीड चिकटवायची पट्टी आणि वीस लिटर गोडं पाणी. तटरक्षक दलाचा आपत्कालीन क्रमांक १५५४, सर्वसाधारण ११२.

९. पहिली शर्यत

पहिल्या शर्यतीत शेवटून पहिला नंबर आला तरी चालेल, कुणाला धडकू नका. त्यासाठी तीन नियम पाठ हवेत. वारा डाव्या बाजूने घेणाऱ्या बोटीने उजव्या बाजूने घेणाऱ्याला वाट द्यायची. दोघांचा वारा एकाच बाजूने आणि बोटी शेजारी शेजारी असतील तर वाऱ्याकडच्या बोटीने दूर राहायचं. मागून येणाऱ्याने पुढच्याला सांभाळायचं. नियम मोडलात तर लगेच बाजूला होऊन दोन पूर्ण गिरक्या. बोयाला (मार्ग दाखवणाऱ्या तरंगत्या खुणेला) लागलात तर एक.

सुरुवात पाच मिनिटांची असते. पाचला वर्गाचा झेंडा वर, चारला तयारीचा झेंडा वर, एकला तयारीचा खाली, शून्याला वर्गाचा खाली. बघायचे ते झेंडेच, भोंगा कधी चुकतो. नवख्यांची नेहमीची चूक म्हणजे शेवटच्या मिनिटात रेषेपासून लांब असणं. भरतीत रेषा तुमच्यापासून दूर सरकल्यासारखी होते, म्हणून दोन मिनिटं आधीच एकदा रेषेपर्यंत जाऊन किती सेकंद लागतात ते मोजा.

शर्यतीचे नियम फक्त शर्यतीतल्या बोटींपुरते. अरुंद खाडीमार्गातून बार्ज किंवा फेरीबोट येत असेल तर 'माझी शिडाची बोट, माझा हक्क' चालत नाही. वीस मीटरपेक्षा लहान बोटीने त्यांच्या वाटेत यायचं नसतं. भरलेला बार्ज तुमच्यासाठी थांबू शकत नाही.

१०. परत आल्यावर आणि पावसाळ्यात

किनाऱ्याला लागण्याआधी कॉकपिटचा बेलर (आतलं पाणी बाहेर सोडणारी तळाची झडप) बंद करा, नाहीतर वाळूला घासून तुटतो. मग गोडं पाणी: डोलकाठीची नळी, डॅगरबोर्डची खाच, कप्प्या, रिबीट, ट्रॉलीची चाकं, या क्रमाने. शीड धुऊन सावलीत वाळवा आणि गुंडाळा, घडी घालू नका.

मेच्या मध्यावर पहिला वळीव कोसळायच्या आत बोट उचला. डोलकाठी उतरवून आडवी, बोटीचं नाक वर, खाली दोन पक्के आधार, वर ताडपत्री, पण हवा खेळेल अशी. माडाखाली ठेवू नका, एक नारळ पडला की डेकला भोक. शीड घरात टांगा, उंदरांपासून दूर. आतली झाकणं उघडी ठेवा आणि बूच काढा, म्हणजे पोटातली ओल निघून जाईल. ते बूच खिशात किंवा डब्यात जाऊ देऊ नका, टिलरला (सुकाणूच्या दांड्याला) सुतळीने बांधून ठेवा.